पुसलं तरी राहतंय का?

वाघमारे आक्कांचं नाव निघालं की आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं चहाचा कप तोंडाला लावून गप्प बसतात. बसू देत. निरोपाच्या दिवशी कुणीतरी भाषणात त्यांना ‘मायाळू’ म्हणालं, तेव्हा मला हसू आवरेना. मायाळू कसल्या! डूख धरावा तर आक्कांनी. मी त्यांच्याबद्दल लिहितोय ते गोड आठवण म्हणून नाही. ज्या माणसावर त्यांचा राग होता त्याच्यावर माझाही आहे, आणि तो अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमची संस्था धरणाचं पाणी लोहारा-उमरगा भागातल्या गावांना पुरवते. जमिनीखालून पाइप गेलेत आणि त्यांवर जागोजागी वॉल्व्ह बसवलेत. आमच्याकडं वॉल्व्हला चावी म्हणतात. कुठली चावी कुठं पुरलीय, किती आटे फिरवल्यावर पुरी उघडते, कुठली अर्धी ठेवावी लागते, हे सगळं वॉल्व्हमनच्या डोक्यात. वॉल्व्हमन लग्नाला गेला की गाव कोरडं. म्हातारा होऊन मेला की मग बोलायलाच नको. म्हणून वरच्या कुणाला तरी वाटलं की संस्थेची एक विकी असावी. विकी म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायची, मोबाइलवर उघडणारी वही. ज्याला जे ठाऊक त्यानं ते लिहायचं, चुकलं तर दुसऱ्यानं दुरुस्त करायचं. ती चालू करायला मला करारावर घेतलं.

मी जोरात सुरुवात केली. हॉल घेतला, बॅनर लावला, सगळ्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा दिला. माना डोलावून, प्लेटी पुसून माणसं गेली. तीन महिन्यांनी विकीवर दोन पानं होती. एक माझं, ‘चाचणी’ नावाचं. दुसऱ्यावर कुणीतरी गुलाबाचं फूल आणि ‘शुभ सकाळ’ टाकलेलं. कशाला लिहितील? जे डोक्यात आहे त्याच्यावरच तर त्यांची किंमत होती. मी साहेब लोकांपुढं हात टेकायच्या बेतात होतो.

आक्का फोनवर बसायच्या. गावागावांतून ‘पाणी आलं न्हाय’ असे फोन यायचे, ते त्या घ्यायच्या आणि रजिस्टरात लिहायच्या. तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या असतील. उंच, काटक, पांढरी साडी, कपाळ मोकळं, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. जेवणाचा डबा उघडताना कुणाकडं बघायच्या नाहीत. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. जेवण झालं की डबा स्वतः धुऊन, पुसून, फडक्यात गाठ मारून ठेवायच्या. त्या दिवशी गाठ मारता मारता त्यांनी मला विचारलं, “इंजिनेर, ह्या तुमच्या वहीत कोन काय लिवलं ते राहतंय का?”

मी इंजिनिअर नव्हतो, पण त्यांनी माझं नाव तेच ठेवलं होतं. “राहतं आक्का. नाव, तारीख, वेळ, सगळं.”

“आन पुसलं तर?”

“पुसता येतं. पण ‘इतिहास’ म्हणून एक पान असतं, तिथं जुनं तसंच राहतं. कोणी पुसलं तेही राहतं.”

“पुसलं तरी राहतंय?”

“राहतं.”

त्यांनी गाठ सोडली आणि परत घट्ट मारली. “मंग मला शिकवा,” म्हणाल्या.

आठ दिवसांत त्या एका बोटानं टाइप करायला लागल्या. आणि पहिलं काय लिहिलं, तर धडधडीत खोटं. उमरगा रोडच्या फाट्यावरची चावी कलीमभाईंकडं होती. आक्कांनी पान केलं, ‘फाट्याची चावी’, आणि लिहिलं: सहा आट्यांत पुरी उघडते. खाली कलीमभाईंचं नाव. एवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याचा कागद छापून घेतला आणि कलीमभाईंच्या गाडीच्या हँडलला दोऱ्यानं बांधून ठेवला.

दुपारी कलीमभाई कागद नाचवत आत आले. “ये कोन लिख्या? सहा आटे? अरे, सहा आट्यात तो हवा बी नै निकलती! चालीस साल से चावी फिरवतो मी! माझ्या नावावर कोन लिख्या?”

“मी लिवलं,” आक्का म्हणाल्या. “चुकलं व्हय?”

“साडेनऊ! आन शेवटचा आटा हळू. न्हायतर गावात लाइन फुटती.”

“मंग दुरुस्त करा की.”

“मला कुठं टाइप येतंय?”

आक्कांनी मोबाइलवर बोलून लिहायचं बटण दाबलं आणि फोन त्यांच्या तोंडापुढं धरला. कलीमभाई पाऊण तास बोलले. फाट्याच्या चावीचं झालं, मग तिच्या पुढच्या चावीचं, मग त्या आधीच्या वॉल्व्हमनला काय काय येत नव्हतं त्याचं. जाताना म्हणाले, “बराबर लिख्या ना? मेरा नाम आया ना?” आलं होतं.

“मानूस सांगाया येत न्हाय,” आक्का मला नंतर म्हणाल्या. “भांडाया येतंय. भांडाया बोलवा, मंग सांगून जातंय.”

माझ्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाचा निकाल ह्या एका वाक्यात लागला. पुढं त्या रोज एक चूक लिहायच्या आणि रोज एक वॉल्व्हमन तणतणत यायचा. मी वर अहवाल पाठवला, ‘कर्मचाऱ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’. खरं लिहायची माझी हिंमत नव्हती. त्यांचा एक नियम मात्र होता. क्लोरीन आणि करंट यांच्याबद्दल एक अक्षर चुकीचं लिहायचं नाही. आणि ज्याची चूक लिहिली तो त्याच दिवशी वाचेल, अशाच माणसाची लिहायची.

बिराजदार मामा पंपावर होते. त्यांचा रुबाब फार. पगारवाढीची बैठक आली की मामांची पाठ धरायची, कारण पंप कसा चालू करायचा ते त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हतं. आता पंप म्हणजे करंट, तिथं चूक लिहिता येईना. मग आक्कांनी एकच ओळ लिहिली: ‘पंप बिराजदार मामांशिवाय चालू होत नाही. ते नेमकं काय करतात ते त्यांनाही सांगता येत नाही.’

मामांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी रागाच्या भरात सतरा पायऱ्या लिहून काढल्या, कुठला दिवा लागला की किती थांबायचं इथपर्यंत. नवरात्रात मामा न सांगता तुळजापूरला गेले आणि फोन बंद करून बसले. ऑफिसात पळापळ झाली. आक्कांनी ते पान छापलं आणि मामांच्या हाताखालच्या ऑपरेटरला दिलं. तो एकेक पायरी मोठ्यानं वाचत गेला आणि पंप चालू झाला. मामा परत आले, पाण्याचा आवाज ऐकून दारातच थांबले.

“कोन चालू केलं?”

“तुमीच केलं की मामा,” आक्का म्हणाल्या. “तुमच्या नावाचं पान हाय. भिंतीला लावलंय, बघा.”

मामा महिनाभर आमच्याबरोबर जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, आक्कांना वाटलं नाही. “त्येला पाणी आडवायची सवय लागली होती,” एवढंच म्हणाल्या आणि फोन उचलला.

एवढं सगळं त्या संस्थेसाठी करत होत्या असं मला वाटायचं. एक दिवस त्यांनी पर्समधून एक कागद काढला. प्लास्टिकमध्ये पक्का केलेला, कडा वापरून पांढऱ्या झालेल्या. टाइप केलेलं जुनं पत्र होतं. ‘सदर इसमास कोणतेही तांत्रिक ज्ञान नसल्याने त्यास कायम करण्याची शिफारस करता येत नाही.’ खाली सही, माढेकर. सदर इसम म्हणजे लक्ष्मण वाघमारे, आक्कांचे वडील; आक्का माहेरचंच नाव लावायच्या.

लाइन टाकली तेव्हा लक्ष्मण वाघमारे रोजंदारीवर होते. चर खणण्यापासून त्यांच्या हाताखालून लाइन गेली, आणि मग त्याच लाइनवर ते वॉल्व्हमन झाले. आक्का शाळेतून सुटल्या की त्यांची भाकरी घेऊन जायच्या आणि लाइनीनं चालत परत यायच्या. नंतर माढेकर साहेब आले. साहेबांनी वाघमाऱ्यांना आठ दिवस जीपमधून फिरवलं, एकेक चावी दाखवायला लावली आणि नकाशा केला. नकाशावर सही एकट्याची. त्याचा जिल्ह्यात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो.

“सत्काराला माजा बा बी होता,” आक्का म्हणाल्या. “खुर्च्या मांडाया.”

त्यानंतर दोन महिन्यांनी हे पत्र आलं. वाघमारे रोजंदारीवरच संपले. आणि माढेकर साहेब? निवृत्त होऊन आमच्याच संस्थेत सल्लागार म्हणून परत आले होते! आठवड्यातून दोनदा यायचे, पंख्याखाली बसायचे. माझ्या विकीला ‘पोरखेळ’ म्हणायचे, आणि वरती बैठकीत ‘आमचा उपक्रम’ म्हणायचे. हा माझा राग. आक्कांच्या रागापुढं तो चिल्लर आहे, पण आहे.

मुख्य लाइनीचं पान आक्कांनी स्वतः लिहिलं होतं. एकेका चावीची जागा, आटे, आणि प्रत्येकीच्या पुढं ‘माहिती: लक्ष्मण वाघमारे, वॉल्व्हमन’. एक दिवस ते पान आणि साहेबांचा नकाशा शेजारी ठेवून बघताना मला दिसलं की नकाशात ओढ्याच्या पलीकडं एक चावी आहे आणि आक्कांच्या पानावर ती नाही.

“आक्का, ही राहिली.”

“राहू द्या.”

“पण नकाशात आहे.”

“नकाशात लई काय काय आसतंय. जेवून घ्या.”

मी पिच्छा सोडला नाही. शेवटी त्यांनी सांगितलं. जीपमधून फिरण्याच्या शेवटच्या दिवशी वाघमाऱ्यांच्या कानावर आलं होतं की नकाशावर आपलं नाव येणार नाही. मग त्यांनी ओढा ओलांडून साहेबांना एक दगड दाखवला आणि म्हणाले, ह्याच्याखाली. साहेबांनी उकरून बघितलं नाही. सही केली.

“खरी चावी दुसरीकडंच हाय,” आक्का म्हणाल्या. “मरताना बा मला सांगून गेला. शेत न्हाय, घर न्हाय, तेवढीच चावी दिली. कुनाला सांगू नकोस म्हनला.”

“आक्का, तुम्ही सगळ्यांच्या डोक्यातलं काढून घेतलं. मामांना भिंतीवर लावलंत. आणि स्वतः?”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “मी लबाड हाय. मला ठाव हाय ते.”

उन्हाळ्यात ओढ्याजवळ लाइन फुटली. ओढ्याची चावी बंद केली असती तर शेवटची दोन गावं थांबली असती, बाकी लाइन चालू राहिली असती. पण ती चावी सापडल्याशिवाय दुरुस्ती करायची तर मागची मोठी चावी बंद करायला हवी, म्हणजे बारा गावं कोरडी. माढेकर साहेब टोपी घालून, नकाशा घेऊन गेले. जेसीबी लावला. ओढ्यापलीकडं दिवसभर खणलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी रुंद खणलं. मुरूम निघाला, खडक लागला, चावी नाही. मोठी चावी बंदच राहिली, बारा गावं कोरडी पडली.

आक्का फोनवर होत्या. एकामागून एक बाया बोलत होत्या. कुणाच्या घरी बाळंतीण, कुणाची जनावरं. “काम चालू हाय, ताई,” आक्का म्हणत होत्या आणि रजिस्टरात लिहीत होत्या. त्या दोन दिवसांत त्यांनी डबा उघडला नाही. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो तर त्यांनी नुसती मान हलवली. मला त्यांचा संताप आला होता. खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेचे अध्यक्ष ऑफिसात आले. त्यांचा स्वतःचा वाडा त्या बारा गावांतल्या एका गावात होता, त्यामुळं आवाज चढलेला. “माढेकर साहेब, नकाशा तुमचा. चावी कुठाय?”

साहेब ओढ्यावरून नुकतेच आलेले, घामाघूम. “त्याचं असं आहे, त्या वेळी...”

आक्कांनी फोन खाली ठेवला. “अध्यक्षसाहेब, तोंडी कशाला? लाइनीच्या पानावर लिहा म्हना. आता सगळं तिथंच लिवायचं असा तुमचाच हुकूम हाय.”

हुकूम होता. सहा महिन्यांपूर्वी मीच त्यावर अध्यक्षांची सही घेतली होती. साहेबांनी चष्मा चढवला आणि स्वतःच्या मोबाइलवरून, स्वतःच्या नावानं लिहिलं. माझ्या पडद्यावर ते उमटलं. ‘सदर वॉल्व्हची जागा, तसेच नकाशातील अन्य सर्व वॉल्व्हच्या जागा त्या वेळी वॉल्व्हमन श्री. लक्ष्मण वाघमारे यांनीच दाखविल्या होत्या. मी केवळ त्यांच्या माहितीवर विसंबून सही केली. सबब चुकीची जबाबदारी त्यांची आहे.’

मेलेल्या माणसावर ढकललं आणि सुटले, असं त्यांना वाटलं. खुर्चीत मागं टेकून त्यांनी पाणी मागितलं.

आक्का माझ्या पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. दोनदा वाचलं. माझ्या खुर्चीची पाठ त्यांनी धरलेली मला जाणवत होती. “आलं का ते इतिहासात?” त्यांनी हळूच विचारलं.

“आलं.”

“सरका.”

मी उठलो. त्या बसल्या आणि एका बोटानं लिहायला लागल्या. ‘ओढ्याची चावी अलीकडं आहे. बाभळीच्या बुडापासून उगवतीला अकरा पावलं. चार फूट खाली. साडेतेरा आटे. माहिती: लक्ष्मण वाघमारे, वॉल्व्हमन.’ मग त्याखाली अजून एक ओळ: ‘माढेकर साहेब, बाकीच्या सगळ्या चाव्या बानं दाखवल्या तिथंच निघाल्या ना?’

मला वाटलं झालं. पण त्या थांबल्या, चष्मा पुसला आणि तिसरी ओळ लिहिली. ‘ही जागा मला आधीपासून ठाऊक होती. दोन दिवस सांगितली नाही. बारा गावांचा त्रास माझ्यामुळं. शकुंतला लक्ष्मण वाघमारे.’

“आक्का, हे कशाला?” मी म्हणालो. “हे कुणी विचारलं नव्हतं.”

“दुसऱ्याचं तेवढं राहावं आन माजं न्हाय, आसं कसं?” म्हणाल्या आणि बटण दाबलं.

अकरा पावलांवर चावी निघाली. कलीमभाईंनी मोठ्यानं मोजत फिरवली, साडेतेरा आटे, आणि मागची मोठी चावी उघडली तरी फुटक्या पाइपात पाणी आलं नाही. दिवस मावळायच्या आत बाकी गावांत नळ वाहायला लागले. त्या तिसऱ्या ओळीबद्दल संस्थेनं आक्कांना नोटीस दिली आणि पगारवाढ रोखली. त्यांनी नोटीस घेतली, सही केली. वडिलांचं जुनं पत्र दुरुस्त करावं असा अर्ज मात्र दिला. उत्तर आलं, ‘जुनी फाइल उघडता येत नाही.’ वर्षभरानं त्या निवृत्त झाल्या. शाल घेतली नाही. नारळ फोडून सगळ्यांना वाटला, बिराजदार मामांना पहिला तुकडा. मामांनी तो खाल्ला.

साहेबांचं काय? त्यांना कुणी नोटीस दिली नाही, नुसती सल्लागारपदाची मुदत वाढवली नाही. ज्याला ‘तांत्रिक ज्ञान नाही’ म्हटलं त्यानंच सगळा नकाशा सांगितला असं आपणच लिहून बसलो, हे त्यांना त्याच रात्री कळलं असावं. सकाळी बघतो तर त्यांची ओळ गायब, आणि इतिहासात नोंद, माढेकरांनी मजकूर काढला. कलीमभाईंनी ती परत घातली. साहेबांनी परत काढली. मग मामांनी घातली! ज्या माणसांना लिहायला मी तीन महिने विनवण्या केल्या, ती रोज सकाळी चहाच्या आधी ते पान उघडायला लागली. साहेबांचा लॉगिन बंद करा असं मला कुणी कुणी सुचवलं. मी केला नाही. करणारही नाही.

आक्का मला शेवटच्या दिसल्या त्या उमरग्याला, डोळ्यांच्या दवाखान्यात. आईला दाखवायला गेलो होतो. बाकावर नंबरची वाट बघत बसल्या होत्या, चष्म्याला अजून तोच दोरा. मी आईशी ओळख करून दिली. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “लिवतेत का सगळे?”

“लिहितात आक्का. भांडून भांडून लिहितात.”

“आन त्यो?”

“गेल्या आठवड्यात परत पुसलं.”

त्या हसल्या. मी त्यांना एवढ्या मोकळ्या हसताना कधी बघितलं नव्हतं. “पुसू द्या की. जितक्यांदा पुसंल तितक्यांदा त्येचंच नाव खाली यायलंय.”

त्यांनी नंबरची चिठ्ठी शोधायला पर्स उघडली. आतला कप्पा मला दिसला आणि त्यात ते प्लास्टिकमधलं पत्र नव्हतं. मी विचारलंच, “आक्का, ते पत्र कुठंय?”

“साहेबाला पाठवलं. पोस्टानं. त्येचीच सही, त्येच्याच घरी आसावी.”

“मिळालं का त्यांना?”

तेवढ्यात आतून त्यांचा नंबर पुकारला. त्या उठल्या. जाताना पत्राच्या जागी ठेवलेला एक छोटा कागद त्यांनी काढला आणि माझ्या हातात दिला. पोस्टाची पोचपावती होती. ‘मिळाले’ या शब्दाच्या पुढं माढेकरांची सही होती, नकाशावर होती तशीच.

“नीट धरा,” आक्का म्हणाल्या, “आल्यावर माघारी घेते,” आणि पडदा सारून आत गेल्या.